केसपेपर कोणाचा?



चरकसंहितेच्या विमानस्थानात, शिष्याला वैद्यकाच्या अध्ययनास बसविताना गुरू त्याला अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या साक्षीने ज्या अनेक आज्ञा करतो, त्यांत अशीही एक आज्ञा आहे की रोग्याच्या घरी गेल्यावर वैद्याने आपले चित्त रोग्याच्या हितावाचून अन्य कशातही गुंतवू नये आणि तेथे जे काही त्याच्या कानी वा दृष्टीस पडेल ते उंबरठ्याबाहेर नेऊ नये. तिकडे ग्रीस देशात हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही याच अर्थाचे वचन वैद्याकडून घेतले जात असे. आज ज्यास आपण रुग्णाचा खाजगीपणाचा हक्क म्हणतो तो वैद्य आणि रोगी यांच्या नात्याइतकाच जुना आहे. तो नसेल तर ते नाते उभेच राहणार नाही. कारण ज्याच्यापुढे अंगावरचे वस्त्र आणि मनातले भय ही दोन्ही बाजूला सारावयाची, त्याच्या मौनाची खात्री असल्यावाचून ते कोण करील?

रोग्याने वैद्यापाशी बोललेली गोष्ट ही ठेव आहे. ठेव ज्याची असेल त्याने मागताच ती त्याच्या स्वाधीन करावी, आणि अन्य कोणी मागितली तर, तो कितीही मोठा अधिकारी वा कितीही जवळचा आप्त असो, धन्याच्या संमतीवाचून ती त्याला दाखवू नये, हा तिचा साधा नियम. आपल्या कित्येक इस्पितळांतून हा नियम नेमका उलटा पाळला जातो, ही माझी तक्रार आहे. ज्याचा देह आणि ज्याची व्यथा, तो स्वतःच्या केसपेपरची नक्कल मागावयास गेला की ‘फाईल बाहेर देता येत नाही’ असे उत्तर त्यास मिळते. आणि तीच फाईल वॉर्डातल्या टेबलावर दिवसभर उघडी पडलेली असते, येणाराजाणारा ती चाळू शकतो, आणि तिच्यातला मजकूर शेजारच्या खाटेवरील रोग्याच्या नातलगांपासून ते रोग्याच्या कचेरीतल्या वरिष्ठांपर्यंत विनासायास पोहोचतो.

यांपैकी पहिल्या गोष्टीचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने कधीच देऊन ठेवला आहे. १९९६ च्या न्यायनिर्णय-संग्रहात छापलेल्या एका खटल्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, रोग्याचे कागदपत्र खुद्द रोग्यास किंवा त्याच्या आप्तांस नाकारताना इस्पितळाला वा डॉक्टराला गुप्ततेची सबब पुढे करता येणार नाही. पुढे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या आचारसंहितेचे जे विनियम केले, त्यांत दाखल झालेल्या रोग्याचे कागदपत्र उपचारांस आरंभ झाल्यापासून तीन वर्षे जतन करावेत, आणि रोग्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांच्या आत ते द्यावेत, असे बंधन घातले. तेव्हा ज्या कोणाला आपले कागद हवे असतील त्याने तोंडी विनवण्या करीत न बसता सरळ लेखी अर्ज करावा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे, हेही ध्यानी असावे. परिचारिकांनी भरलेले तक्ते, औषधांच्या नोंदी, शस्त्रक्रियेची टिपणे, संमतिपत्र, हे सारे केसपेपरात येते, आणि दुसऱ्या डॉक्टराचा सल्ला घ्यावयाचा झाला तर याच कागदांचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी जाऊन पाहावे. डॉक्टरांच्या एकाच टेबलाभोवती चार रोगी, त्यांचे नातलग आणि मागे रांग. डॉक्टर विचारणार, रोग्याने त्या गर्दीत उत्तर द्यावयाचे. डॉक्टरांना मी दोष देत नाही. ज्याच्यापुढे दुपारपर्यंत शंभर माणसे यावयाची आहेत त्याने प्रत्येकासाठी पडदा ओढावा तरी किती वेळा? परंतु त्या रांगेतली बाई, पाळीविषयी किंवा पूर्वीच्या गर्भपाताविषयी प्रश्न येताच, सासूच्या आणि गावातल्या ओळखीच्या माणसांच्या देखत खरे उत्तर देत नाही. दारू किती पितोस, या प्रश्नाला मुलगा वडिलांपुढे खरे सांगत नाही. आणि त्या अर्धसत्यावर आधारलेले निदान मग औषधाच्या चिठ्ठीवर उतरते. खाजगीपणा हा सुखवस्तू लोकांचा नाजूकपणा आहे असे मानणारे पुष्कळ आहेत, त्यांनी या बाईचा विचार करावा. तिच्यासाठी एक पडदा आणि हलक्या आवाजात विचारलेला प्रश्न हा उपचाराचाच भाग आहे.

ही ठेव मोडली म्हणजे काय होते याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यानेच देशाला दाखविले. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात, त्याने केलेल्या रक्तदानाच्या निमित्ताने, एचआयव्हीचा विषाणू आढळला, आणि तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये त्याला पोलिसांकरवी ताब्यात घेऊन एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. तथापि रोग्यास विलग ठेवण्याची ती तरतूद न्यायालयाने ग्राह्य धरली. सुटून आल्यावर त्या तरुणाने स्वतःसारख्यांसाठी संस्था उभारण्याचे काम हाती घेतले आणि १९९२ साली तो मृत्यू पावला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी आणखी एक गृहस्थ, तेही पेशाने डॉक्टर, एका रोग्याबरोबर मद्रासला गेले असताना त्याच्यासाठी रक्त देण्यास पुढे झाले. त्यांच्या रक्तातही तोच विषाणू आढळला, तो निष्कर्ष इस्पितळातून बाहेर पडला, ठरलेले लग्न मोडले आणि त्यांना आपले गाव सोडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली त्यांचा दावा फेटाळताना खाजगीपणाचा हक्क निरपवाद नसून वधूच्या जीविताचा हक्क त्याहून वरचढ आहे, असे म्हटले, आणि त्याच ओघात अशा माणसाचा विवाहाचा हक्कच तहकूब राहतो असाही अभिप्राय दिला. तो अभिप्राय अनावश्यक होता असे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २००२ साली सांगितले.

दोघेही दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्त द्यावयास गेले होते, हे मला विसरवत नाही. वधूला सत्य कळणे आवश्यक होते, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ते कोणी, कोणत्या रीतीने आणि किती जणांना सांगावे, हा प्रश्न त्या निकालात दबून गेला. त्याचे उत्तर २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने दिले. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून निष्कर्षाचा उच्चार नाही, आणि जोडीदाराला खरोखर धोका आहे असे डॉक्टराला वाटले तर समुपदेशनानंतर, ठरलेल्या रीतीने, फक्त त्या जोडीदारालाच सांगण्याची मुभा. त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

साथीच्या दिवसांत हा विवेक पाळणे कठीण असते, हे मान्य केले पाहिजे. क्षयरोगाच्या रुग्णाची वर्दी सरकारी आरोग्य खात्यास देणे २०१२ पासून सक्तीचे आहे आणि ते योग्यच आहे, कारण ती वर्दी ज्याला औषध पोहोचवावयाचे आहे त्याच्याकडे जाते, आळीतल्या लोकांकडे जात नाही. परंतु २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या साथीत, आपल्या राज्यात घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, दारांवर फलक लागले, बाधितांच्या याद्या नावानिशी आणि पत्त्यानिशी भ्रमणध्वनीवरून फिरल्या, आणि तापाने फणफणलेली माणसे शिक्क्याच्या भयाने तपासणीपासून दूर पळू लागली. सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा विशिष्ट हुकूम केल्यावाचून कोणाच्या घरावर असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांगितले. तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

एक विषय असा आहे की ज्याच्याबद्दल बोलताना आपल्याला परक्यांकडे बोट दाखविता येत नाही. मोठा आजार निघाला की डॉक्टर मुलाला किंवा जावयाला बाहेर बोलावतात, आणि रिपोर्ट पाहून झाला की घरातील मंडळी हात जोडून म्हणतात, ‘डॉक्टर, आईंना एवढे सांगू नका.’ या विनवणीमागे प्रेम असते. चरकानेही, रोग्याला धक्का बसेल अशा ठिकाणी त्याचे आयुष्य सरत आल्याचे बोलू नये, असा सल्ला दिलेला आहे. तरीही मला असे वाटते की, ज्या बाईने चाळीस वर्षे घराचा हिशेब सांभाळला, लेकरांची दुखणी काढली, तिला तिच्याच उरलेल्या दिवसांचा हिशेब न सांगणे हा अन्याय आहे. कसे आणि केव्हा सांगावे याचा विचार अवश्य करावा. मला सारे सांगू नका असे तिने स्वतः म्हटले तर तेही मानावे. परंतु तिला विचारावे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, रुग्ण स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. सज्ञान आणि शुद्धीवर येणारी स्त्री स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही, असा न्यायालयाने निवाडा केला. आईसारख्या आईची जर ही कथा, तर नवरा, मुलगा वा दीर यांची काय?

कायद्यात उणिवा आहेत. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला १८७२ च्या पुरावा कायद्याने जे संरक्षण दिले ते डॉक्टर आणि रोगी यांच्यातील संभाषणाला दिले नाही, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही दिलेले नाही. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली, ही चांगली गोष्ट. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांनी खाजगी इस्पितळांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावयास सांगितले. ती सनद पाहून घ्यावी, आणि नसेल तर मागावी.

आता ही कागदी फाईल संगणकात चालली आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्यक्रमांक मिळू शकतो, जुने रिपोर्ट हरवत नाहीत, गाव बदलले तरी इतिहास बरोबर येतो, आणि परगावी मोलमजुरीला जाणाऱ्या माणसाला याचा लाभ मोठा आहे. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकयंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली आणि कित्येक दिवस तेथील नोंदी हाताने लिहाव्या लागल्या, हेही आपण पाहिले. वॉर्डातल्या टेबलावरची उघडी फाईल दहा माणसे वाचतात. ही संगणकातली फाईल फुटली तर किती वाचतील याची गणती नाही. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे आणि नोंदी दाखविण्यास रोग्याची संमती लागते, असे योजना सांगते. प्रत्यक्षात खिडकीवरचा कारकून ‘ओटीपी सांगा’ म्हणतो, म्हातारी नातवाचा फोन पुढे करते आणि संमती झाली असे समजले जाते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, संमतीपूर्वीची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, अशी तरतूद आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्या नोंदणीच्या खिडकीवर ती सूचना सोप्या मराठीत ठेवावी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ओटीपी विचारण्याआधी ती वाचून दाखविण्यासाठी एक माणूस नेमावा, आणि क्रमांक नको म्हटले तरी केसपेपर निघेल व उपचार होतील, एवढे वाक्य तेथे मोठ्या अक्षरांत लिहावे.