आडनावातले गाव

मी सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा हा माणूस इतिहासावर काय बोलणार, असे कुणाला वाटले तर त्याचा दोष नाही. परंतु घराण्याचा शोध म्हणजे काय, हे मला एका अर्जानेच शिकवले.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार वारला. हजेरीपटावर त्याचे आडनाव गावावरून पडलेले, शिधापत्रिकेवर कुळाचे. दोन्ही नावे एकाच माणसाची हे सिद्ध होईपर्यंत त्याच्या बायकोचे पैसे अडकून राहिले. तेव्हापासून मी आडनावांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि आपल्याच जिल्ह्यातले एक मोठे उदाहरण समोर आले.

रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. ही नावे आपल्या बेने इस्रायल शेजाऱ्यांची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ही घटना नेमकी कधीची, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण पुढचे मात्र आपल्या ओळखीचे आहे. ते गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आणि ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी लावले. अशी शंभराहून अधिक गावे त्यांच्या आडनावांत आहेत. आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, पण आडनावातले गाव बदलले नाही.

आता एक घर शोधून पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत सामाजी हसाजी दिवेकर नावाचा एक देशी अधिकारी होता. नाव ऐकले तर कुणीही मराठा गडी समजेल. परंतु सामाजी म्हणजे सामुएल, हसाजी म्हणजे येहेझ्केल. बायबलातली नावे कोकणी तोंडात घोळून अशी झाली. म्हणजे पहिल्या दोन शब्दांत धर्म, तिसऱ्यात गाव आणि पलटणीच्या हुद्द्यात पोट. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला, सुटला, आणि १७९६ साली त्याने मुंबईतले पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. मांडवीतल्या रस्त्याला सामुएलचे नाव त्याच्यामुळेच मिळाले. पुढे हाईम सामुएल किहीमकर यांनी या समाजाचा इतिहास लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे हस्तलिखित सांभाळून ठेवणारे कुणीतरी होते, म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो.

इथवर हा शोध गोड आहे. आता कडू भाग ऐका. १९४८ नंतर ही मंडळी इस्रायलला जाऊ लागली. तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६२ साली विवाह नोंदणाऱ्यांना फर्मावले की, बेने इस्रायल वधूवरांची आई, आजी आणि त्यामागे जाता येईल तितक्या पिढ्या तपासा. मंडळी हो, विचार करा! पुरुषांची नावे आडनावात राहिली, पलटणीच्या कागदात राहिली. पण आजीचे माहेर कुठल्या कागदात होते? लग्न झाले की तिचे गाव पुसले गेले. नेमका तोच पुरावा मागितला गेला.

लोक गप्प बसले नाहीत. भेदभावाविरुद्ध त्यांनी १९५१-५२ मध्येही धरणे धरले होते. आता जेरुसलेममध्ये ते पुन्हा रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मपीठाला आपल्या फर्मानातून त्यांचे नाव काढावे लागले. हक्क वंशावळीने मिळाला नाही, संघटनेने मिळाला. पुढे २०१६ साली जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या रक्तात पश्चिम आशियातले यहुदी आणि इथले भारतीय, दोन्ही पूर्वज सापडले. पण १९६४ साली लग्नासाठी खोळंबलेल्या मुलीने या शास्त्राची वाट पाहत बसायचे होते काय?

माझे म्हणणे एवढेच आहे. पूर्वज शोधावेत ते मायेपोटी, ओळख पटावी म्हणून. आजोबा कोण हे सांग, मग भाकरी देतो, असे कुणी म्हणू लागला की तो शोध राहत नाही, ती झडती होते. मग झडती घेणारा धर्मपीठातला असो की कारखान्याच्या कचेरीतला.

रोहेकर आज दूरदेशी असतील, पण त्यांनी कुंडलिकाकाठचे आपले गाव नावात जपले आहे. आपण इथे राहूनही काय जपले? आज घरी गेल्यावर एक काम करा. म्हातारी जागी असेल तर तिला तिचे माहेरचे नाव विचारा, तिच्या आईचे गाव विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. कुणी मागेल म्हणून नव्हे. तीही या घराची पूर्वज आहे म्हणून.