दाबलेल्या स्फटिकाचे स्वर

कोल्हापूरच्या देवल क्लबांत मैफलीपूर्वीं तंबोरा लावतांना आपण ऐकलाच असेल. खुंटी पिळली, तार ताणली, कीं स्वर चढतो. स्फटिकांतील अणूहि परस्परांशीं बंधांनीं जखडलेले असून अविरत कंप पावत असतात. सिलिकॉन या अर्धवाहकांतील एक कंप सेकंदाला सुमारें १५ लाख कोटि वेळां होतो. १९२८ सालीं रामन् यांनीं शोधिलेल्या प्रकाशपरिणामामुळें तो मोजतां येतो.

तार ताणल्यानें चढते. हा स्फटिक मात्र दाबल्यानें चढतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्यें तो दाबला, कीं बंध आंखूड व ताठ होतात. परंतु १९७५ सालीं वाइनस्टाइन व पिएर्मारिनी यांनीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत एक नवल दिसलें. अणूंचे थर एकमेकांवरून आडवे सरकतात, तो मंद कंप दाबाखालीं उलट उतरतो. स्वर उतरणें म्हणजे त्या दिशेनें रचनेचा विरोध ढिला पडणें. पुढें सुमारें १ लाख १० हजार वातावरणांइतक्या दाबाला ती रचनाच मोडते आणि सिलिकॉन धातूप्रमाणें वीज वाहूं लागतें.

या विद्येचा उपयोग नित्याचा आहे. गणकयंत्रांतील सिलिकॉनच्या चकतीवर कोठें दाब आहे, कोठें ताण आहे, तें या स्वराच्या चढउतारावरून चकतीला धक्का न लावतां कळतें. अवजड दाबाखालीं सगळेच स्वर चढत नाहींत. कारागिरानें उतरणाऱ्या स्वराकडेहि कान द्यावा.