जीपचा उंबरा

(धुळे-जळगाव जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावाबद्दल आणि दादरच्या पेऱ्याबद्दल आधीचे वक्ते बोलून गेले आहेत. आमच्याकडे विषय आहे आपल्या जीपचा. काही जण हसले. हसा, पण मागच्या बैठकीत ही जीप भंगारात काढावी असा ठराव आला होता आणि तो मांडणारे काही चुकीचे बोलत नव्हते. पैसा तुमच्या वर्गणीचा आहे, निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे. म्हणून गाडीला काय झाले, का झाले आणि आम्ही आतापर्यंत काय केले, ते पुरते सांगतो. त्यात आमची चूकही आहे, तीही सांगतो.

घडले ते असे. पोळ्याच्या आधी बोराडीकडची बैठक आटोपून आम्ही परत येत होतो. शिरपूरला एक वयस्कर आबा उतरायला निघाले. त्यांनी दाराखालच्या पट्टीवर पाय ठेवला आणि पाय सरळ आत गेला. नडगी सोलून निघाली. आबा स्वतःच म्हणाले, "पत्रा सडी गया भाऊ, आते कापनं पडी." डॉक्टरकडे नेऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. थोडक्यावर निभावले. गाडी चालती असती आणि कुणी त्या पट्टीवर भार देऊन उभा असता, तर आज इथे वेगळे बोलावे लागले असते.

दार उघडले की पायाखाली जी आडवी पट्टी लागते तिला गॅरेजात कुणी काही म्हणते, कुणी काही. आपण तिला उंबरा म्हणू. घराचा उंबरा भरीव असतो, गाडीचा पोकळ. दोन पत्रे वाकवायचे, कडा एकमेकींवर ठेवायच्या आणि गोधडीला टाके घालावेत तसे जागोजागी चिकटवायचे, की लांबट पेटी तयार होते. या पेटीला गाडीची फरशी धरलेली असते, दाराचे खांब तिच्यावर उभे असतात. पेटीच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. आत गेलेले पाणी बाहेर पडावे, एवढ्यासाठीच ती असतात.

आता कुणी विचारील, आपला मुलूख कोरडा. पाऊस 500 ते 800 मिलिमीटर, आठ महिने धूळ. मुंबई-कोकणातल्या गाड्या सडतात ते समजते, खान्देशात पत्रा का सडावा? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. आम्ही मिस्त्री नाही, शेतकी शिकलेले आहोत. उत्तर सापडले ते मात्र शेतकीच्याच पुस्तकातले.

उंबरा कापला तेव्हा आतून घमेलंभर काळी माती निघाली. तीच आपली कपाशीची माती. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. पाऊस संपल्यावर नुसत्या ओलीवर आपण दादर काढतो तो याच गुणावर. चाकाने उडवलेला चिखल या पेटीत शिरतो, तळाची भोके बुजवतो आणि आत बसतो. वरचे ऊन रस्ता वाळवते, पेटीतली माती दिवाळीपर्यंत ओली राहते. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. ओली माती त्याला दोन्ही पुरवते, तेही रात्रंदिवस.

त्यात आपण भर घातली. ही जीप सभांना जाते तशी पेरणीच्या दिवसांत खतेही वाहते. पोती फाटतात, दाणे फरशीवर सांडतात, आपण पाणी मारून ते कडेला लोटतो आणि ते पाणी उंबऱ्यात उतरते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. वजनात जवळजवळ निम्मे क्लोराइड. मिठाचा सख्खा भाऊ. युरिया पावसाळी हवेतून पाणी ओढून घेतो. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात आणि तिथल्या गाड्यांचे उंबरे त्या मिठाने जातात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण मीठ आपण स्वतः पोत्याने विकत आणून गाडीत सांडतो. तेव्हा गाडी बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो पाचर ठोकल्यासारखा सांधा उकलतो. बाहेरून रंगाला बारीक फोड दिसतो. फोड दिसला याचा अर्थ आतला पत्रा गेला. बोंडअळीचे भोक बाहेरून केवढे असते आणि बोंड फोडल्यावर आत काय दिसते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता आमची चूक. असे फोड 2019 सालीच दिसले होते. तेव्हा आम्ही स्वस्तातले काम करून घेतले. एका गॅरेजात गंज वरवर घासला, भोकात पुट्टी भरली, वरून काळा रबरी रंग मारला. 2,500 रुपये गेले आणि गाडी नव्यासारखी दिसू लागली. गॅरेजवाल्याला दोष देत नाही. कमीत कमी पैशात करा, असे आम्हीच सांगितले होते. त्या रंगाने तळाची उरलीसुरली भोकेही बुजली. आत शिरलेले पाणी आतच राहिले. आबांचा पाय गेला तो त्याच जागी, पुट्टीतून. पत्रा तिथे राहिलाच नव्हता.

यंदा डावी बाजू रीतसर केली. कशी केली ते सांगतो, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या दारात जुनी जीप, पिकअप किंवा ट्रॉली उभी आहे.

आधी उंबऱ्याला हात लावायचा नाही. आधी गाडीखाली झोपायचे आणि लहान हातोडीने चासी ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. भद्द आवाज आला, हातोडी रुतली, पापुद्रे पडले तर तिथे खूण करायची. पाट्यांचे शॅकल आणि स्टिअरिंगची पेटी जिथे बसते त्या जागा दोनदा ठोकायच्या. जीपला चासी वेगळी असते, भार ती वाहते, म्हणून उंबरा गेला तरी गाडी चालते. चासीच सडली असेल तर उंबऱ्यावर रुपयाही घालू नये, भंगाराचा ठराव खुशाल मंजूर करावा. बहुतेक छोट्या मोटारींना अशी वेगळी चासी नसते. त्यांच्यात उंबरा हाच भार वाहणारा भाग. असा उंबरा सडलेल्या गाडीत पोरांना बसवून शाळेत पाठवू नका.

आपल्या गाडीची चासी खणखणीत वाजली. फक्त उजवीकडे मागच्या शॅकलजवळ एक जागा शंकेची आहे. तिच्याकडे पुन्हा येतो.

मग कापणे. मिस्त्रीने आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाके देऊन पक्का केला. उंबरा कापल्यावर खांब जागचे हलतात. एकदा हलले की दार पुन्हा नीट बसत नाही. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. बॅटरीची तार काढायची. जुन्या जीपला पेट्रोलची किंवा डिझेलची टाकी सीटखाली असेल, तर ती उतरवून लांब ठेवायची. हे काम 'नंतर बघू' म्हणून सोडायचे नाही. पाण्याची बादली आणि ओले पोते हाताशी हवे.

गंजलेला पत्रा कुठपर्यंत कापायचा यावर मिस्त्रीशी वाद झाला. त्याला भोकाभोवती चार बोटे कापायचे होते. आम्ही म्हटले, घासल्यावर पांढरा चकचकीत पत्रा लागेल तिथपर्यंत काप. बोटभर म्हणता म्हणता पट्टी हातभर लांब गेली. तो म्हणाला, एवढा पत्रा वाढवाल तर गाडीच नवी होईल. पण सडक्या कडेला वेल्डिंग धरत नाही, पत्रा विरघळून भोक मोठे होते. हे त्याच्याच हाताने दोन ठिकाणी झाले, मग तो मानला.

नवा पत्रा 18 गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा. जाड प्लेट ठोकून देतो, जन्मभर बघायला नको, असे सांगणारे भेटतील. जाड प्लेट आणि पातळ पत्रा यांचा सांधा लवकर तडकतो आणि जुन्यावर नवा चढवला तर मधल्या फटीत पुन्हा पाणी. साध्या दांडीच्या वेल्डिंगने एवढा पत्रा जळतो. सीओटू वेल्डिंगवाल्याकडे जावे. त्यानेही एका दमात ओढू नये. इंचभर टाका इथे, इंचभर तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचे, म्हणजे पत्रा वाकत नाही. जस्ताचा पत्रा असेल तर सांध्याजवळचे जस्त घासून काढावे. त्याच्या धुराने वेल्डरला ताप येतो.

पेटी बंद करण्याआधी आतून फॉस्फोरिक अॅसिडचे गंजनाशक, वाळल्यावर प्रायमर. तळाची भोके आम्ही मोजून पाडून घेतली. सगळे झाल्यावर आत पातळ मेण फवारले. पुष्कळ जण इंजिनचे काळे तेल मारतात. काहीच नसण्यापेक्षा बरे, पण ते गळून जाते, धूळ धरते, रबरी बुश खाते आणि उरलेले शेवटी आपल्याच बांधावर सांडते. डाव्या बाजूचा सगळा खर्च 7,000 रुपये. पावत्या वहीत लावल्या आहेत, चहाच्या वेळी वही टेबलावर असेल.

आता भंगाराच्या ठरावाकडे. गाडी 1997 ची. नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 2012, 2017, 2022 अशी पासिंगे झाली, पुढचे 2027 ला. मोटारीच्या नूतनीकरणाची फी 600 रुपये होती, ती एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारींना ती 10,000 केली. पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी ठेवणे महाग व्हावे हाच हेतू आहे, आणि धुराचा विचार केला तर तो अगदीच गैर म्हणता येत नाही. पण जो वर्षातून दोनदा नवी गाडी बघायला जातो त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा आणि कोरडवाहूवाल्यासाठी वेगळा. नवी चारचाकी-ओढीची गाडी घ्यायची तर कर्ज. आणि आपल्यापैकी कुणाला हप्ता कापसाच्या भावावर बेतायचा धीर आहे, त्याने हात वर करावा.

जुन्या मंडळींना आठवत असेल, गावात जीप शिरली की माणसे मागच्या दाराने शेतात निघून जायची. जीप म्हणजे वसुली. मुंबईत महिंद्रांनी 1947 पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली, तरी आपल्या गावात ती पुष्कळ वर्षे सरकारी साहेबाचीच गाडी राहिली. मग काळी-पिवळी आली आणि जीप आपली झाली. आजही चोपडा-यावलकडे पायथ्याच्या रस्त्यावर काळी-पिवळीच्या मागे, बाजूला माणसे लटकताना दिसतात. ती उभी असतात ते पायदान बऱ्याच गाड्यांत याच उंबऱ्याला जोडलेले असते. पायदानाचे बोल्ट नवे घातले असतील, पण ज्या पत्र्यात ते बसले आहेत तो कुणी ठोकून पाहिला आहे? तुमच्या गावच्या ड्रायव्हरला एवढे विचारा.

आता निर्णय. उजवी बाजू राहिली आहे. तिला साधारण तेवढाच खर्च येईल. शॅकलजवळची ती जागा मात्र कापून पाहिल्याशिवाय कळणार नाही. नुसता वरचा पापुद्रा असेल तर गाडी 2027 चे पासिंग काढेल असे आमचे मत आहे. चासी आतून गेली असेल तर उजव्या बाजूचे पैसे वाचवा, डाव्या बाजूचे 7,000 आमच्या चुकीच्या खात्यावर टाका आणि गाडी विका. गाडी बाहेर निंबाखाली उभी आहे, हातोडी सीटवर ठेवली आहे. जेवणाआधी ज्यांना खाली झोपून ठोकायचे आहे त्यांनी ठोकून घ्यावे. मिस्त्री तीनला येणार आहे. त्याने ती जागा कापली की मग हात वर करून मतदान घेऊ.