कोडगा मुलगा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशी येथे केलेले भाषण)



यंदाचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम आपण माझ्यावर सोपविले. त्यांतील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या अर्जावर कोणी शेरा लिहिला होता, ‘मुलगा कोडगा, उपयोग नाही.’ त्या शेऱ्याविषयी डॉक्टर या नात्याने थोडे बोलण्याची अनुज्ञा असावी.

संकट दिसताच मेंदूकडून निरोप निघतो, तो पियूषिका ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. संकट टळले की ते ओसरते. परंतु जिन्यावर बापाची पावले वाजताच जे लेकरू दाराआड लपते, त्याच्या देहात ही धोक्याची घंटा रोजच वाजते. सिडकोच्या दोन खोल्यांच्या घरातले भांडण भिंतीपलीकडे शेजाऱ्यास ऐकू जाते. मग उशाशी निजलेल्या मुलास जात नसेल काय? ज्ञातीत बोभाटा नको म्हणून आपण मात्र ते ऐकलेच नाही असे दाखवितो.

पुढे पुष्कळ मुलांत ही यंत्रणा मंदावते. केंब्रिजच्या संशोधकांनी २००८ साली वर्तन बिघडलेल्या किशोरवयीन मुलग्यांना मुद्दाम ताण देऊन पाहिले. इतर मुलांचे कॉर्टिसॉल चढले. यांचे फारसे चढले नाही. त्या साऱ्यांचेच बालपण होरपळलेले होते असे मी म्हणत नाही. अनुवंशाचाही वाटा असतो. तथापि रागावल्यावर ज्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही, तो निर्लज्जच असतो, हा आपला समज तेवढा खरा नव्हे.

मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गुन्नर व त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेले संशोधन मला याहून मोलाचे वाटते. अनाथालयात बालपण काढून पुढे चांगल्या घरी दत्तक गेलेल्या मुलांत हा प्रतिसाद मंदच असे. परंतु मुले वयात येऊ लागली तसतसा तो इतर मुलांसारखा होत गेला. म्हणजे ज्या वयात आपण मुलावर शेरा मारून मोकळे होतो, त्याच वयात देह आपली घडी पुन्हा बसवू पाहतो. अट एवढीच की तोवर त्याला निर्भय घर लाभलेले असावे.

हा मुलगा जूनपासून घणसोलीस मावशीकडे राहतो. शाळेतील त्याची हजेरी मी स्वतः पाहिली. गणितात तो अद्याप नापासच आहे. त्याचा अर्ज, तो शेरा खोडून, मी पुन्हा कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.