धडधाकट माणसाकडचा ताप

मंडळी, तापाने फणफणलेला माणूस कुणालाही ओळखता येतो. पण जो हिंडतोफिरतो, पोटभर जेवतो, त्याच्याकडून रोग आला तर तो ओळखायचा कसा? अशा एका बाईची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

मेरी मॅलन तिचं नाव. मूळची आयर्लंडची. पोटासाठी अमेरिकेत आली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करू लागली. १९०६ साली ती एका पेढीवाल्याकडे होती. त्या घरात माणसं ११. त्यांतल्या ६ जणांना विषमज्वर झाला. विषमज्वर म्हणजे आपला मुदतीचा ताप, टायफॉईड. सोपर नावाच्या इंजिनिअरने माग काढला. मेरी जिथे कामाला होती, तिथल्या बहुतेक घरी हाच ताप आलेला! मेरी मात्र ठणठणीत.

हे कसं घडतं? ताप उतरतो, माणूस उठून कामाला लागतो. पण शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताच्या पिशवीत जंतू मुक्काम ठोकून राहतात. त्या माणसाला काही त्रास नाही. जंतू शौचावाटे बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत, तर बोटांवरून अन्नात जातात. कढत आमटीत ते मरतात, बरं का. कोशिंबिरीसारख्या कच्च्या पदार्थात जगतात. मेरी फळं घालून आईस्क्रीम करी. त्यातूनच ताप पसरला, असा सोपर यांचा तर्क होता.

१९०७ साली तिला धरून एका बेटावर ठेवलं. आपल्यामुळे रोग होतो, हे तिला कधीच पटलं नाही. १९१० साली, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सोडलं. पण कपडे धुण्यात पैसा कमी. नाव बदलून ती परत चुलीपाशी गेली. १९१५ साली एका दवाखान्यात २५ जण आजारी पडले, दोघं दगावले. मग १९३८ साली मरेपर्यंत ती बेटावरच राहिली.

तिने बोली मोडली हे खरं. पण असे जंतू बाळगणारे त्या शहरात शेकडो निघाले. त्यांना कुणी असं जन्मभर कोंडलं नाही. आम्हाला तरी हा न्याय वाटत नाही.

आता यावर औषध आहे. विषमज्वर होऊन गेलेल्या माणसाची, विशेषतः रांधणाऱ्याची, शौचाची तपासणी करतात. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून ती एकदा करून भागत नाही. डॉक्टर पुन्हा बोलावतील, तेव्हा जावं.