तरुण पित्याची पाठराखण
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या संस्थेने विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवरांच्या याद्या केल्या, वृद्धांचे सत्कार केले. हे सर्व भूषणावहच आहे. परंतु आपण ज्याचे लग्न जुळवून दिले तो तरुण पुढे पिता होतो, तेव्हा संस्था त्याच्याजवळ नसते. त्याविषयी दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

विवाहात वधूबरोबर पाठराखीण जाते. नव्या घरी तिला एक तरी ओळखीचे माणूस असावे, हा त्या रीतीतला शहाणपणा. नव्या पित्याला मात्र रूढीने पाठराखा दिला नाही. पहिलटकरीण माहेरी जाते. जावई बारशाला पाहुणा म्हणून येतो आणि परततो. पूर्वी हे निभावत असे, कारण बाळ-बाळंतीण परत येत ती भरल्या घरात. आज ती शहरातील दोन खोल्यांत येतात. ज्याने मूल धड हाती घेतलेले नाही, त्याने मध्यरात्री रडणाऱ्या बाळास शांत करावे, अशी आपली अपेक्षा! तो बावरतो, कचेरीत उशिरापर्यंत थांबू लागतो. मग आपणच त्याला बेजबाबदार म्हणतो. शिकविले कोणी नाही आणि परीक्षा मात्र घेतली, असा हा प्रकार होय.

कायद्याचा आधारही तोकडाच आहे. २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातेची रजा २६ आठवडे झाली; पित्याचा विचार तीत झाला नाही. केंद्र सरकारच्या सेवकांस १५ दिवसांची पितृत्व रजा आहे आणि ती अपत्यजन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. ज्यांस ती मिळते त्यांनी ती बारशाच्या धावपळीत न संपविता, बाळ-बाळंतीण घरी आल्यावर घ्यावी, हे सांगणारा कोणी हवा.

मग वडीलधाऱ्यांनी काय करावे? उपदेश नको, सोबत हवी. प्रत्येक विभागातील दोन-तीन अनुभवी गृहस्थांनी नव्या पित्याच्या घरी महिन्यातून एकदा जावे. बाळाला न्हाऊ कसे घालावे, मान कशी सावरावी, हे हाताने दाखवावे. लसीकरणाची सहा, दहा व चौदा आठवड्यांची वेळ त्याच्याकडून टिपून घ्यावी. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा वैद्यकीय नियम घरातील घुटीच्या आग्रहापुढे टिकवून धरणे, हे पित्याचेच काम आहे. बाळंतिणीचे रडू वा उदासीनता दोन आठवड्यांपलीकडे टिकली, तर तो नाजूकपणा न समजता डॉक्टरांकडे न्यावे. अशी खिन्नता पित्यासही येते. पुरुषाने बोलू नये म्हणून ती लपते. त्याने मन मोकळे केलेच, तर ते ज्ञातीत चर्चेस येता कामा नये. हे पथ्य न पाळणाऱ्याने या कामात पडू नये.

यास निधी लागत नाही, इमारत लागत नाही. ज्येष्ठांचा थोडा वेळ पुरतो. ज्यांची मुले आता हाताशी आली आहेत, अशा गृहस्थांनी आपली नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत. ज्याला आज आपण पाठ देऊ, तो उद्या दुसऱ्या कोणाची पाठराखण करील.

इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.