हात ओळखला, नाव हरवलं

आज आम्ही एका रांजणाची गोष्ट सांगणार आहोत. ग्रीस देशातल्या अथेन्स शहरातला हा रांजण इ.स.पू. ७५० च्या सुमाराचा, म्हणजे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. उंची दीड मीटरहून जास्त. आपल्यातली कुणी शेजारी उभी राहिली तर साधारण तिच्याएवढाच भरेल.

हा रांजण पाण्यासाठी नव्हता. एका बाईच्या थडग्यावर खूण म्हणून तो उभा केला होता. एवढं मोठं भांडं चाकावर एकदम उठत नाही, म्हणून तुकडे घडवून ते जोडले. बारीक गाळलेल्या मातीच्या पातळ लेपाने नक्षी काढली. भट्टीत तो लेप काळा होतो.

नक्षी कशी? बोटाने हवेत काढून बघा. रेघ सरळ न्या, काटकोनात वळवा, पुन्हा वळवा, पुढे चला. लुगड्याच्या काठासारखे असे पट्टे वरपासून खालपर्यंत. मानेवर चरणाऱ्या हरणांची रांग, तिच्याखाली बसलेल्या शेळ्यांची. मधल्या चौकटीत ती बाई तिरडीवर निजलेली आणि भोवती डोक्याला हात लावून रडणारी माणसं. छाती म्हणजे त्रिकोण, हात म्हणजे काड्या. चेहऱ्यावर भाव नाही, तरी दुःख कळतं.

हे काम कुणाचं? नाव कुठेच नाही. स्मशानाजवळच्या डिपायलॉन दरवाजावरून अभ्यासक त्याला ‘डिपायलॉन चित्रकार’ म्हणतात. रेघांच्या वळणावरून इतर भांड्यांवरही तोच हात त्यांनी ओळखला.

सगळे त्याला पुरुषच समजत आले. पण २०२० मध्ये काही संशोधकांनी विचारलं, हे हात बायकांचे कशावरून नसतील? ही नक्षी विणकामासारखी आहे आणि तिथे विणकाम बायकाच करत. यावर अजून वाद आहे. पण नाव लिहिलेलं नसलं की काम पुरुषाचंच धरलं जातं, एवढं मात्र यातून दिसतं.

आपल्याकडे पापडाच्या पुडीवर गटाचं नाव असतं. लाटणारीचं कुठे असतं? गोधडी विकली जाते, टाके कुणी घातले ते कुणी लिहीत नाही. म्हणून आमचं एवढंच सांगणं: येत्या बैठकीत नोंदवहीत एक रकाना वाढवा, ‘कोणी बनवलं’. त्यात प्रत्येकीने आपलं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहावं. जिला लिहिता येत नाही, तिला शेजारणीने शिकवावं.